ओझं कुणाच्या डोक्यावर?

सार्वजनिक वापराची कोणतीही वस्तू, इमारत किंवा व्यवस्था घडवताना एक निर्णय घेतलाच जातो, घेणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो. तो निर्णय म्हणजे, कष्ट कुणी करायचे. बसची पायरी उंच ठेवली की ते कष्ट म्हातारीच्या गुडघ्यांनी करायचे. सरकारी अर्ज समजणार नाही अशा भाषेत छापला की अर्जदाराने तो भरून देणारा माणूस शोधायचा आणि त्याला पैसे मोजायचे. लोकलचा डबा आणि फलाट यांच्यात पोकळी राहू दिली की प्रवाशाने जीव मुठीत धरून ती ओलांडायची. मुंबईत या पोकळीत इतके अपघात झाले की फलाटांची उंची वाढवण्यासाठी अखेर उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. फलाट बांधताना जे काही सेंटिमीटर वाचवले गेले, त्यांची किंमत वर्षानुवर्षं माणसं आपल्या हातापायांनी चुकवत होती.

म्हणून समाजापुढच्या प्रश्नांना डिझाइनने दिलेलं उत्तर चांगलं की वाईट, हे माझ्या मते एकाच कसोटीवर ठरतं. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि ताकद सगळ्यात कमी आहे, त्याच्या वाट्याचे कष्ट त्या डिझाइनने कमी केले का? वस्तू किती देखणी आहे, किती नवी आहे, तिला किती पुरस्कार मिळाले, हे सगळं त्यानंतर. या कसोटीवर घासून पाहिलं की बऱ्याच चकचकीत गोष्टी फिक्या पडतात आणि ज्यांच्याकडे आपण मान वळवूनही पाहत नाही अशा काही गोष्टी थोर ठरतात. त्यातली एक गावोगावी उभी आहे. तिचं नाव हापसा.

1966-67 चा बिहारचा दुष्काळ आणि पाठोपाठ 1972 चा महाराष्ट्राचा दुष्काळ या दोन्हींनी एक गोष्ट दाखवून दिली. हाताने खणलेल्या विहिरी आटल्या की गावाकडे दुसरं काहीच नसतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोल जायचं तर पहारी-सुरुंग पुरे पडत नाहीत. दाबाखालच्या हवेवर चालणारी विंधन यंत्रं आली आणि महिनोन् महिने चालणारं काम एक-दोन दिवसांत होऊ लागलं. बोअरला पाणी लागलं, त्यावर ओतीव लोखंडाचा पंप बसला, नारळ फुटला. काही महिन्यांत पंप बंद पडला. गावंच्या गावं या अनुभवातून गेली. 1970 च्या दशकात बसवलेल्या पंपांपैकी बहुसंख्य पंप नादुरुस्त असायचे. जमिनीखाली पाणी असायचं आणि बाई हंडा घेऊन पुन्हा जुन्या झऱ्याच्या वाटेला लागायची.

याचं कारण विचारलं की ठरावीक उत्तर मिळायचं. लोकांना वापरायचं कळत नाही, पोरं दांड्याला लोंबकळतात, गावाला किंमत नाही. खरं कारण पंपाच्या जन्मात होतं. ते पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बेतलेल्या पंपांच्या नकला होते. एका कुटुंबाला दिवसातून काही बादल्या पाणी मिळावं, एवढ्यासाठी ते घडवले होते. इथे तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसत होतं. तेव्हा दोष दांडा मारणाऱ्या हातांचा नव्हता. ते हात किती असतील याचा हिशेब न करता वस्तू निवडणाऱ्यांचा होता. चांगल्या डिझाइनची सुरुवात इथेच होते. बिघाडाचं खापर वापरणाऱ्यावर फोडणं थांबवायचं आणि वस्तूला जाब विचारायचा.

हा जाब महाराष्ट्रात विचारला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. जालन्यातल्या मिशनच्या पाणी प्रकल्पात काम करणाऱ्यांनी ओतीव लोखंड सोडून पोलाद घेतलं. जुन्या पंपाच्या दांड्याला अनेक सांधे होते आणि प्रत्येक सांधा झिजायचा. त्यांनी दांडा एकाच खिळीवर फिरवला. ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ या संस्थेच्या माणसांनी पुढचं पाऊल टाकलं. दांडा वर-खाली होताना आतली सळई बाजूला ओढली जाऊन घासायची, वाकायची, तुटायची. त्यांनी दांड्याच्या टोकाला कमानीसारखा एक तुकडा बसवला आणि त्यावरून साखळी सोडून सळई तिला अडकवली. आता दांडा कसाही फिरला तरी सळई ओळंब्यासारखी सरळ लटकत राहिली. सांध्यात छऱ्यांचे बेअरिंग आले. एवढ्याशा बदलाने पंपाचं आयुष्य पालटलं.

या सोलापुरी पंपाचा पाया धरून भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ घडवला. आज हापसा म्हणून जो डोळ्यांपुढे येतो तो हाच. त्याच्याकडे जरा निरखून पाहावं. दांडा भरीव पोलादाचा आणि जड आहे, कारण त्याचं वजन खोल बोअरमधल्या सळयांचं वजन तोलून धरतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही पाणी काढता येतं. साखळी आणि बेअरिंग झाकणाच्या पेटीत बंद आहेत, म्हणजे धूळ आत जात नाही आणि लेकरांची बोटं सापडत नाहीत. तोटी अशा उंचीवर आहे की खाली हंडा बसतो. भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याची नाली आहे, म्हणजे घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये मुरत नाही. यातला एकही तपशील शोभेचा नाही. एकेका तपशिलाने कुणाचा तरी एकेक त्रास वाचवला आहे.

आणखी एक निर्णय याच्याइतकाच मोठा होता. या पंपाचं पेटंट कुणी घेतलं नाही. त्याचं भारतीय मानक ठरलं, आराखडे खुले राहिले, अनेक कारखाने तो बनवू लागले आणि मालाची तपासणी कडक ठेवली गेली. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे 50 लाख पंप तयार झाले होते आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतही ते पोहोचले होते. जालन्याच्या आणि सोलापूरच्या कार्यशाळांत सुरू झालेला विचार अर्ध्या जगाला पाणी पाजू लागला. हे एका प्रतिभावंताचं काम नव्हे. फिटर, विंधन करणारे, अभियंते आणि अधिकारी यांच्या हातांवरून फिरत फिरत ही वस्तू शहाणी होत गेली. सर्जनशीलतेचा हा प्रकार आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा. एकट्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अशा गोष्टी मुलांना पुष्कळ सांगून झाल्या.

तरीही एक त्रास शिल्लक होता, दुरुस्तीची वाट बघण्याचा. मार्क टूच्या आतलं वॉशर बदलायचं तर बोअरमधले सगळे पाइप उपसावे लागत. त्यासाठी तालुक्याहून गाडी, अवजारं आणि माणसं यायला हवीत. ती येईपर्यंतचे दिवस बायकांच्या डोक्यावर जात. पुढच्या ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे आतला दट्ट्या पाइप न उपसताच वर ओढता येऊ लागला. मोजक्या अवजारांनिशी गावातलं माणूस हे काम करू शकतं. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायका हापसा दुरुस्त करायला शिकल्या. पाइप जरा रुंद झाला की सत्तेचीही थोडी वाटणी बदलते, ती अशी. बंद पंपासाठी ज्या बाईला पंचायतीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत होत्या, तिच्याच हातात आता पाना होता.

याच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेतून आलेला ‘प्लेपंप’ ठेवून पाहा. कल्पना ऐकताक्षणी मन मोहून टाकणारी होती. मुलांचं गोल फिरणारं चक्र पंपाला जोडायचं. मुलं खेळतील, पाणी टाकीत चढेल, टाकीवरच्या जाहिरातींच्या पैशातून देखभाल होईल. 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी कोट्यवधी डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. पण गावाला पाणी पहाटेही लागतं, मुलं शाळेत असतानाही लागतं. मग ते जड चक्र बायकांना वाकून वाकून फिरवावं लागलं. अनेक ठिकाणी जाहिराती आल्याच नाहीत. पंप बिघडला की गावात कुणाला दुरुस्त करता येईना. साध्या हातपंपाच्या कितीतरी पट किंमत देऊन काही गावांनी होता तो चालता पंप गमावला. चार-पाच वर्षांत तो गाजावाजा ओसरला. कल्पकता दोन्हीकडे होती. प्लेपंपची कल्पकता देणगीदाराच्या डोळ्यांसाठी होती, हापशाची पाणी भरणाऱ्या बाईच्या खांद्यांसाठी. दोन्हींच्या नशिबात जो फरक पडला तो यातूनच.

मग बाईच्या खांद्यांना काय हवं, हे ठरवायचं कुणी? याचं एक उत्तर भायखळ्याच्या फुटपाथवर सापडतं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन त्यांना हटवायची मुभाही दिली. डोक्यावरचं ताडपत्रीचं छप्पर केव्हाही जाईल अशा त्या दिवसांत भायखळ्याच्या बायका ‘स्पार्क’ या संस्थेच्या साथीने एकत्र आल्या आणि ‘महिला मिलन’ उभी राहिली. घर मिळालं तर ते कसं हवं, याचा त्यांनी स्वतः विचार केला आणि लाकूड, कापड लावून घरांचे पूर्ण आकाराचे नमुने उभे करून लोकांना दाखवले. जागा कमी मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी उंची मागितली. छत सुमारे 14 फुटांवर असावं, म्हणजे पोटमाळा निघेल. वर निजायला, सामान ठेवायला, खाली स्वयंपाक आणि घरबसल्या करायचं काम. वास्तुशास्त्राची पदवी चौरस फूट मोजायला शिकवते. फुटपाथवर संसार केलेल्या बाईला ठाऊक असतं की घर वरच्या दिशेनेही वाढतं.

हीच माणसं 1999 नंतर पुण्यात दिसतात. महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी झोपडपट्ट्यांमधल्या सामुदायिक शौचालयांच्या कामात स्वयंसेवी संस्थांना बोलावलं. स्पार्क, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांनी त्यात मोठा वाटा उचलला. दोन-तीन वर्षांत शहरात 400 हून अधिक शौचालय इमारती उभ्या राहिल्या. आकड्यापेक्षा मला त्यांच्या आतला विचार मोठा वाटतो. वस्तीतल्या जुन्या संडासापुढे सकाळी लाईन लागली की मोठी माणसं पोरांना मागे ढकलत. पोरं शेवटी गटारावर बसत. नव्या इमारतींत मुलांसाठी वेगळे संडास आले. भांडं लहान, म्हणजे आत पडायची भीती नाही. समोर धरायला दांडी, म्हणजे तोल जात नाही. बायका-पुरुषांची दारं वेगळी झाली, म्हणजे लाईनीत अंगावर येणाऱ्या नजरांचा जाच गेला. पाण्याच्या टाक्या मोठ्या केल्या, उजेड आणि हवा ठेवली. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच राहायची खोली दिली. पाच वर्षांच्या मुलाला कमिशनरच्या केबिनमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. त्याच्या वतीने त्याच्या आईने तिथे जाऊन सांगितलं, तेव्हा कुठे ती दांडी भिंतीला लागली.

माझी कसोटी इथेही लावायला हवी. देखभाल करणाऱ्याला राहायला खोली मिळते म्हणून त्याचा पगार कमी ठेवता येतो, असा हिशेब त्या रचनेत होता. शहराचा मैला साफ करण्याचं काम आजही कोणत्या जातींच्या वाट्याला येतं, हे आपण सगळे जाणतो. ज्या रचनेने मुलांचे आणि बायकांचे कष्ट कमी केले, तिने सफाई करणाऱ्याचे किती केले, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही.

इथेच एक मोठा आक्षेप समोर येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. डिझाइन ही राजकारणाला बगल देण्याची सोय आहे, असं अनेक कार्यकर्ते म्हणतात. प्रश्न अन्यायाचा असतो आणि हातात यंत्र ठेवलं जातं. हापशाचंच घ्या. महाडला चवदार तळ्यावर 1927 मध्ये जो सत्याग्रह झाला तो पाण्याच्या टंचाईसाठी नव्हता, माणूसपणासाठी होता. अनेक गावांत गावठाणात एक आणि दलित वस्तीत एक असे हापसे बसले. वस्तीतल्या बाईची पायपीट वाचली हे खरं, पण गावाची विहीर तिच्यासाठी उघडावी लागली नाही हेही तितकंच खरं. पंपाने तहान भागवली, अस्पृश्यतेला हात लावला नाही. तीच गत भूजलाची. हापसा साधारण दीडशे फुटांपर्यंतचं पाणी ओढतो. शेजारच्या बागायतदाराने विजेची मोटर लावून त्याच्या कितीतरी खाली बोअर नेलं की उन्हाळ्यात हापसा कोरडा खडखडतो. तिथे कितीही चांगला दांडा बसवला तरी उपयोग नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. कारण जिथे राजकारणाने योग्य निर्णय घेतला तिथेही तो निर्णय लोकांपर्यंत कशाच्या तरी रूपाने पोहोचवावा लागतो आणि त्या रूपात तो फसू शकतो. महाराष्ट्राने 1993 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, असं त्यात म्हटलं. हेतू चोख होता. पण अंतर मोजायचं कुणी, तक्रार करायची कुणी, गावातल्या सगळ्यात बलवान माणसाविरुद्ध उभं राहायचं कुणी? ते कष्ट पुन्हा तहानलेल्यांवरच सोडले गेले आणि बोअर पडतच राहिले. कायद्याचीही एक घडण असते आणि तीही याच कसोटीला उतरावी लागते.

पुनर्वसनाचंही तसंच. झोपडीऐवजी पक्कं घर हा राजकीय निर्णय मोठाच होता. पण गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत 225 चौरस फुटांच्या खोल्यांच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोहोचतं ना वारा. तिथल्या क्षयरोगाचा आणि या कोंदट रचनेचा संबंध डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी मांडला आहे. भायखळ्याच्या बायकांनी कापडाच्या घरात उभं राहून जे सांगितलं होतं, ते सिमेंटचं घर बांधताना कुणी लक्षात घेतलं नाही. हक्क मिळाला, पण घराची घडण चुकली आणि त्याची किंमत माणसांची फुप्फुसं मोजताहेत.

आजच्या काळात हा प्रश्न पडद्यावर सरकला आहे. रेशनच्या दुकानात बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं. धान्याची चोरी थांबावी हा हेतू रास्त आहे. पण ज्या बाईने जन्मभर भांडी घासली, विटा उचलल्या, ऊस तोडला, तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘अंगठा उठत नाही’ असं दुकानदार सांगतो आणि ती रोज बुडवून पुन्हा लाईनीत उभी राहते. जिने सर्वांत जास्त श्रम केले, तिलाच यंत्र ओळखत नाही. दुसरा मार्ग कागदोपत्री असतो, पण तो शोधण्याची, त्यासाठी दुकानदाराशी भांडण्याची जबाबदारी तिच्यावर असते. यंत्राने नकार दिला तर तिचा हक्क आपोआप कायम राहील आणि खातरजमा करण्याचं काम कार्यालयाकडे जाईल, अशी रचना करायला कोणतंही अशक्य तंत्रज्ञान लागत नाही. ओझं कुठे ठेवायचं, एवढंच ठरवावं लागतं.

आपल्याकडे हे ठरवण्याची परंपरा आहे. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बहुसंख्य मतदार निरक्षर होते. आधी वाचायला शिका मग मत द्या, असं प्रजासत्ताकाने त्यांना म्हटलं नाही. चिन्हं आली, 1951-52 मध्ये प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी आली. न वाचता येण्याचं ओझं राज्याने स्वतःवर घेतलं. जयपूरमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय घडवला तोही याच वृत्तीने. परदेशी पाय बूट मागत होता, खुर्ची मागत होता. यांनी रबराचा असा पाय केला की त्यावर अनवाणी चालता येतं, चिखलात उतरता येतं, उकिडवं बसता येतं. माणसाने पायासाठी आपलं जगणं बदलायचं नाही, पायाने माणसाच्या जगण्याशी जुळवून घ्यायचं.

आपल्याला आता हे अपवादाने नको, रिवाजाने हवं आहे. त्यासाठी काही गोष्टी आग्रहाने मागाव्या लागतील. सार्वजनिक कामाच्या निविदेत बांधकामाच्या खर्चाइतकीच दुरुस्तीची तरतूद आणि ती कोण, किती दिवसांत करणार हे लिहिलेलं असावं. आराखडा मंजूर होण्याआधी त्याचा पूर्ण आकाराचा नमुना वापरणाऱ्यांसमोर उभा राहावा आणि त्यांच्या हरकती नोंदवल्या जाव्यात. जनतेच्या पैशातून घडलेले आराखडे हापशाच्या आराखड्यासारखे खुले असावेत. पवईच्या आयआयटीपासून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेपर्यंत जी मुलं हे शास्त्र शिकतात, त्यांनी काही महिने नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी काढावेत. त्यांच्या हुशारीची गरज तिथे सगळ्यात जास्त आहे आणि तिथून परतताना ती आणखी धारदार होईल.

आणि हे काम फक्त डिझाइनरांचं नाही. ग्रामसभेत, वॉर्ड सभेत, गृहसंस्थेच्या बैठकीत नवी योजना मांडली जाते तेव्हा आपण खर्च विचारतो, मुदत विचारतो. त्याच्या आधी हे विचारायची सवय लावून घेऊ या: यात कुणाचे कष्ट वाढतात, कुणाचे कमी होतात, आणि ज्याचे वाढतात तो माणूस या खोलीत आहे का? तो नसेल तर योजना त्या दिवशी मंजूर करू नये. आधी त्याला बोलवावं, त्याचं ऐकावं आणि मगच आराखड्यावर सही करावी.